मळ्यांतील कुत्र्यास रोज चाल किती हवी ?

मळ्यावर वस्ती करून राहणाऱ्या शेतकऱ्याच्या दारीं कुत्रा नाहीं, असें घर मालेगांव तालुक्यांत शोधूनच काढावें लागेल. मोसम व गिरणा या दोन्ही नद्यांच्या कांठच्या मळ्यांत कांद्याची चाळ, डाळिंबाची बाग, विहिरीवरील मोटार व तिची तार या साऱ्यांची रात्रीची राखण त्याच्याच गळ्यांत असते. बैलास पेंड किती, गाईस सरकी किती, याचा हिशेब घरांतील पोर देखील तोंडपाठ सांगेल. परंतु कुत्र्यास दिवसांतून किती चालवावें असें विचारिलें तर घरचा कर्ता हंसतो. "कुत्रा तो, त्यास काय चालवावयाचें ? तो आपला आपण हिंडतो," असें उत्तर मिळतें. हें उत्तर एके काळीं खरें होतें. आज तें बऱ्याच दारीं खरें राहिलेलें नाहीं, आणि त्यामुळें कुत्र्याची, धन्याची व शेजाऱ्याचीहि हानि होत आहे. म्हणून हा विषय या अंकीं घेतला आहे.

पूर्वीं गांवांतील कुत्रा कोणा एकाचा नसे. ज्याच्या दारीं भाकरीचा तुकडा अधिक वेळां पडे, त्याच्या ओट्याखालीं तो निजे. मालक शेतांत निघाला कीं तो बैलगाडीखालून चालूं लागे, दुपारीं बांधावरच्या निंबाखालीं पडे, व दिवेलागणीस गाडीबरोबर परत येई. त्याची चाल कोणी मोजली नाहीं, कारण मोजण्याची गरजच नव्हती. पुढें गाडीच्या जागीं मोटारसायकल व ट्रॅक्टर आले. मळ्यापर्यंतचा रस्ता डांबरी झाला व त्यावरून वाहनें सुसाट जाऊं लागलीं, तेव्हां मोकळ्या कुत्र्याच्या जिवाची शाश्वति राहिली नाहीं. शेजाऱ्याच्या कोंबड्या, शाळेस जाणारीं मुलें, यांच्याहि तक्रारी सुरू झाल्या. शिवाय कांद्याचा किंवा डाळिंबाचा एखादा हंगाम चांगला गेला कीं घरांतील तरुण मंडळी नाशिकहून किंवा पुण्याहून अल्सेशियन, लॅब्रॅडॉर, डॉबरमन अशा विलायती जातीचें पिल्लूं आणतात. रोख रक्कम मोजून आणलेलें जनावर मोकळें कोण सोडील ? त्याच्या गळ्यांत साखळी पडते, आणि एकदां पडलेली साखळी बहुधा तें मरेपर्यंत निघत नाहीं.

आमचा जन्म महसुलाच्या दप्तरांत गेला, त्यामुळें साखळी म्हटली कीं आम्हांस प्रथम मोजणीची साखळी आठवते. ती तेहतीस फूट लांब, व तिचे भाग सोळा आणे. लांबी एक साखळी व रुंदी एक साखळी म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, हें वाचकांस आम्हीं सांगावयास नको. आतां हाच हिशेब कुत्र्याच्या साखळीस लावून पाहूं. ती साधारणतः सहा फूट असते. खुंट्याभोंवतीं सहा फुटांच्या साखळीनें जें वर्तुळ होतें, त्याचें क्षेत्र सुमारें ११३ चौरस फूट. गुंठ्याचे चौरस फूट १०८९. म्हणजे राखणदाराच्या वांट्यास एका गुंठ्याचा जेमतेम दहावा हिस्सा आला ! पांच एकरांचा खातेदार असेल, तर त्याच्या जमिनीच्या दोन हजार हिश्श्यांपैकीं एक. त्यांतच त्याचें खाणें, पाणी, निजणें व मलमूत्र. खुंट्याभोंवतालची माती इतकी तुडविली जाते कीं पावसाळ्यांत देखील तेथें गवताची काडी उगवत नाहीं. तें उघडें वाटोळें पाहिलें म्हणजे त्या दारच्या कुत्र्याचा सातबारा आम्हांस न मागतां वाचतां येतो.

यांत केवळ दयेचा प्रश्न आहे असें कोणी समजूं नये, कायद्याचाहि आहे. प्राण्यांस क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा जो कायदा १९६० सालीं झाला, त्याच्या ११ व्या कलमांत यासंबंधीं दोन स्वतंत्र पोटकलमें आहेत. एकान्वयें कोणतेंहि जनावर अवाजवी आंखूड किंवा अवाजवी जड साखळीनें अवाजवी वेळ बांधून ठेवणें हा गुन्हा आहे. दुसरें खास कुत्र्यापुरतेंच आहे : जो कुत्रा नेहमीं साखळीस किंवा कोंडून ठेविला जातो, त्यास वाजवी व्यायाम देण्यांत किंवा देवविण्यांत धन्यानें हयगय केली, तर तोहि गुन्हाच. पहिल्या गुन्ह्यास दहा ते पन्नास रुपये दंड लिहिला आहे. तीन वर्षांचे आंत पुन्हां घडल्यास पंचवीस ते शंभर रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पन्नास रुपयांत आज बरा गळपट्टाहि मिळत नाहीं, हें खरें; म्हणून दंडाच्या आंकड्याकडे पाहून कोणी कायद्याची थट्टा करील. परंतु बैलाच्या, घोड्याच्या किंवा म्हशीच्या व्यायामासाठीं वेगळें पोटकलम घालावें असें ज्यांस वाटलें नाहीं, त्या विधिमंडळास तें कुत्र्यासाठीं घालावेंसें वाटलें, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. बैल कामास जुंपला जातोच, म्हैस चरावयास जातेच. बांधलेल्या कुत्र्यास मात्र बांधून बसणें हेंच काम.

'वाजवी' म्हणजे किती, हें कायदा सांगत नाहीं. महसुलाच्या कायद्यांतहि हा शब्द जागोजाग येतो व त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालतात. जर्मनीच्या शेतकी मंत्र्यांनीं २०२० सालीं आंकडाच घालण्याचें ठरविलें होतें : कुत्र्यास दिवसांतून दोनदां, एकूण निदान एक तास बाहेर काढलेंच पाहिजे. त्यावर तेथील वृत्तपत्रांत फार टीका व विनोद झाला. म्हातारा कुत्रा व तरणा कुत्रा, थंडी व ऊन, यांस एकच माप कसें लावावें, असा लोकांचा आक्षेप होता, व तो खोटा नव्हता. इंग्लंडांतील केनेल क्लब ही १८७३ सालीं स्थापन झालेली संस्था म्हणूनच एकच आंकडा न देतां प्रत्येक जातीपुढें अर्धा तास, एक तास, दोन तासांहून अधिक, अशा पायऱ्या लावून ठेविते. पायऱ्यांची ही रीति आम्हांस पसंत आहे. मात्र त्या थंड मुलखांतल्या आहेत हें विसरतां कामा नये. मालेगांवचें वैशाखांतील ऊन लंडनच्या माणसानें पाहिलेलें नाहीं.

कुत्र्याची मूळची चाल कशी असते हें पाहावयाचें तर दूर जाण्याचें कारण नाहीं. दिवाळीनंतर धुळें-साक्रीकडील ठेलारी व इतर धनगर मंडळी मेंढरें घेऊन आपल्या शिवारांतून जातात, व खतासाठीं आपण त्यांचीं मेंढरें शेतांत बसवितों. मालेगांवाजवळच्या चंदनपुरीचें बाणाईचें आख्यान तर या तालुक्यांत सर्वतोमुखीं आहे. बाणाई धनगराची, खंडोबानें तिच्या वाड्यावर मेंढरें राखलीं, आणि खंडोबाच्या चित्रांत घोड्याशेजारीं कुत्रा असतोच. पौषांतील यात्रेस जाणाऱ्यांनीं वाटेंत एखादा वाडा उतरलेला दिसला तर तेथील कुत्र्यांकडे घटकाभर लक्ष द्यावें. तीं जनावरें अंगानें बारीक, पायानें लांब, व डोळ्यांत मिजास नसलेलीं अशीं असतात. मेंढरांबरोबर तीं दिवसभर चालतात खरीं. पण चालतात तीं मेंढरांच्या पायानें. दहा पावलें, मग हुंगणें. पुन्हां दहा पावलें, मग झुडपाखालीं टेकणें. कळपांतील मेंढी बाजूस गेली किंवा लांडग्याचा वास आला तरच धांव; ती देखील अल्पकाळ. दुपारीं कुत्रा सावलींत ताणून देतो, आणि खरी नोकरी रात्रीं वाड्याभोंवतीं फिरून बजावतो. एका वृद्ध ठेलाऱ्यास आम्हीं विचारिलें कीं, तुमचीं कुत्रीं एवढीं चालून थकत कशीं नाहींत ? तो म्हणाला, "भाऊसाहेब, कुत्रं मेंढराच्या पायानं चालतं. घोड्याच्या पायानं चालवलं तर चार दिवसांत बसेल." या वाक्यांत बरेंच शास्त्र आहे असें आमचें मत झालें.

शहरांतील मोकाट कुत्र्यांचेंहि असेंच आहे. बंगालमधील संशोधकांनीं रस्त्यावरील कुत्र्यांचा दिनक्रम टिपून २०१४ सालीं 'करंट सायन्स' या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. त्यांना हा प्राणी बहुतांशीं आळशी व माणसाशीं गोडीनें वागणारा दिसला. तेव्हां कुत्र्यास पहांटेपासून रात्रीपर्यंत पळविलें पाहिजे ही समजूत जशी चुकीची, तशीच त्यास चालीची गरजच नाहीं ही समजूतहि चुकीची. त्यास हवी असते ती आपल्या इच्छेनें थांबत, हुंगत, थोडी लांबवरची अशी चाल, आणि मग निर्वेध झोंप. नाक हेंच कुत्र्याचें वर्तमानपत्र. बांधावरून नेतांना तो प्रत्येक दगडाशीं थांबतो म्हणून जो गडी साखळीस हिसके देतो, तो त्याचा अर्धा व्यायाम फुकट घालवितो. रात्रीं बांधावरून कोण गेलें, कोल्हा कीं मुंगूस, परका कुत्रा कीं परका माणूस, हें त्यास तेथेंच कळतें. व राखणीच्या कामास ही माहिती उपयोगाची आहे.

आतां मापाकडे वळूं. घड्याळ जवळ नसलें तरी शेतकऱ्याजवळ बांध आहेतच. पांच एकरांचें चौरस शेत घ्या. त्याचे गुंठे २००. बाजू चौदा साखळ्यांहून किंचित् अधिक. चारी बांध मिळून साडेछप्पन साखळ्या, म्हणजे सुमारें १८६५ फूट. सहज चालीच्या माणसास ही फेरी सात ते आठ मिनिटांत होते. चार फेऱ्या झाल्या कीं अर्धा तास भरला व सुमारें सव्वादोन किलोमीटर चाल झाली असें समजावें. शेत लहान असल्यास फेऱ्या वाढवाव्या. लांबट असल्यास त्याच क्षेत्राचे बांध चौरसापेक्षां अधिक भरतात, तेव्हां फेऱ्या कमी लागतील. पीक पाहणें, पाण्याची नळी तपासणें, तारेचें कुंपण पाहणें हीं कामें याच फेऱ्यांत होतात, त्यामुळें कुत्र्यासाठीं वेगळा वेळ मोडला असें होत नाहीं.

दिवसा बांधून ठेवलेल्या निरोगी, तरण्या गांवठी कुत्र्यास सकाळीं चार व सायंकाळीं चार फेऱ्या, म्हणजे दिवसांत एकूण एक तास, ही आमच्या मतें खालची मर्यादा होय. यापेक्षां कमी देऊन कुत्रा साखळीस ठेवूं नये. अल्सेशियन, डॉबरमन व लॅब्रॅडॉर या जाती कामासाठीं पैदा केलेल्या आहेत, व केनेल क्लब त्यांस दोन तासांहून अधिकच्या पायरीवर ठेवितो. ज्यांच्यानें इतका वेळ देववत नाहीं, त्यांनीं त्या जाती आणूंच नयेत, असें आम्ही स्पष्ट सांगतों. अल्सेशियनास नुसती चाल पुरत नाहीं. त्याच्या डोक्यासहि काम लागतें. टाकलेली वस्तु शोधून आणविणें, बस-ऊठ शिकविणें, चाळीच्या आडोशास लपून हांक मारणें, असे पांच-दहा मिनिटांचे खेळ केले तर तो बराच निवतो. पग नांवाच्या चपट्या नाकाच्या कुत्र्याची गोष्ट उलट आहे. त्याचा श्वासमार्गच आंखूड. त्यास आपल्याकडील उन्हाळ्यांत पहांटेची थोडी शतपावली पुरे, आणि दुपारीं त्याचा फोटो काढण्यासाठीं देखील त्यास अंगणांत नेऊं नये.

देशी शिकारी जातींविषयीं लोकांत मोठा गैरसमज आहे. लातूर-सोलापूरकडील कारवानी, किंवा मुधोळचा कुत्रा, हा वाऱ्यासारखा पळतो म्हणून त्यास दिवसभर पळवावयास पाहिजे, असें समजलें जातें. मुधोळ हें आज कर्नाटकांतील बागलकोट जिल्ह्यांत असलें तरी तें घोरपड्यांचें मराठी संस्थान. तेथील राजे मालोजीराव घोरपडे यांनीं या जातीची जोपासना केली व एक जोडी इंग्लंडचे पांचवे जॉर्ज बादशहा यांस नजर केली, असें सांगतात. टपालखात्यानें २००५ सालीं देशी कुत्र्यांचीं जीं तिकिटें काढलीं, त्यांत मुधोळचाहि समावेश होता. हा कुत्रा आणि विलायती ग्रेहाउंड हे चालीनें एकाच पंथाचे. त्यांची धांव आखूड व तुफानी; धांव संपली कीं तासन्‌तास निजणें. ग्रेहाउंडास केनेल क्लब दिवसाला फक्त एका तासाच्या पायरीवर ठेवितो, अल्सेशियनाच्या निम्म्यावर, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. कारवानी पाळणाऱ्यानें सकाळ-सायंकाळ साधी चाल द्यावी, आणि चोहोंकडून कुंपण असलेल्या रिकाम्या रानांत दोन-चार मिनिटें मनसोक्त सोडावें. उघड्या शिवारांत मात्र सोडूं नये. ससा दिसला कीं त्याच्या कानांत धन्याची हांक शिरत नाहीं. आपल्या जिल्ह्यांत येवलें तालुक्यांत ममदापूर-राजापूरच्या रानांत काळवीट आहेत. काळवीट मारणें, किंवा कुत्र्याकडून मारविणें, हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणें भारी गुन्हा आहे, आणि तेथें दंड पन्नास रुपयांवर भागत नाहीं.

अलीकडे एक नवी रीति निघाली आहे, तिजविषयीं लिहिल्यावांचून राहवत नाहीं. तरुण मुलें मोटारसायकलच्या मागें साखळी धरून कुत्रा पळवितात. वेळ वांचतो, पांच मिनिटांत दोन किलोमीटर होतात, आणि पाहणारे कौतुक करितात. कुत्रा स्वतःच्या मर्जीनें धांवतांना दमला कीं थांबतो. चाकामागें बांधलेल्यास थांबण्याची मुभा नाहीं. डांबरावर त्याच्या पंजाच्या गाद्या सोलून निघतात, व सांधे कायमचे दुखावतात. जेवणानंतर पळविल्यास तर खोल छातीच्या जातींत पोट फुगून पीळ पडण्याचें भय असतें, आणि तसें झालें तर शस्त्रक्रियेवांचून कुत्रा वांचत नाहीं. खाणें व धांव यांत निदान एक तासाचें अंतर असावें; अधिक ठेवल्यास उत्तम.

ऊन हा तर आमच्या भागांत मुख्य मुद्दा. मालेगांवास चैत्र-वैशाखांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो हें सर्वांस ठाऊक आहे. माणसाच्या सर्वांगास घाम येतो, कुत्र्यास तो पंजाखेरीज जवळ जवळ येतच नाहीं. जीभ बाहेर काढून धापा टाकणें एवढाच त्याचा निववा. निरोगी कुत्र्याच्या अंगची उष्णता १०१ ते १०२॥ फॅरनहाइट असते. ती १०५ च्या वर गेली कीं जिवास धोका असतो. म्हणून फाल्गुनापासून मृग लागेपर्यंत सकाळची चाल ऊन चढण्यापूर्वीं उरकावी, व सायंकाळची दिवस मावळून जमीन निवल्यावर करावी. जमीन निवली कीं नाहीं हें आपल्या पायतणावरून कळत नाहीं. हाताची पालथी बाजू मातीवर किंवा डांबरावर ठेवावी. सात अंक मोजीपर्यंत ती सहन झाली तरच कुत्र्यास त्यावर न्यावें. फार धापा, जाड लाळ, लाल भडक हिरड्या, झोकांड्या, हीं लक्षणें दिसतांच सावलींत नेऊन अंगावर विहिरीचें पाणी ओतावें, वारा घालावा, व गुरांच्या डॉक्टरास बोलवावें. तोंडांत बळेंच पाणी ओतूं नये. तें फुफ्फुसांत जातें. उन्हाळ्यांत एखाद्या दिवशीं चाल चुकली तर चुकूं द्यावी. वैशाखांत दुपारीं दिलेल्या व्यायामापेक्षां न दिलेला व्यायाम बरा.

'दिवसा कुत्रा मोकळा फिरविला तर तो रात्रीं झोंपतो, भुंकत नाहीं,' असा आमच्या शेतकरी बंधूंचा ठाम समज आहे. आम्हीं याचा अनुभव शेजारच्याच दोन मळ्यांवर पाहिला. एका मळ्यावर अल्सेशियन रात्रंदिवस चाळीच्या खांबास बांधलेला असे. तो पानाच्या सळसळीस भुंके, चंद्र उगवला तरी भुंके, रस्त्यानें ट्रक गेला तरी भुंके. पहिला महिनाभर धनी उठून विजेरी लावी. पुढें त्यानें उठणें सोडलें. आणि ज्या रात्रीं चाळींतून कांद्याच्या गोण्या गेल्या, त्या रात्रींहि कुत्रा भुंकत होता व घरची मंडळी पांघरूण ओढून निजलीं होतीं. दुसऱ्या मळ्यावर साधा गांवठी कुत्रा, सालदाराबरोबर सकाळ-सायंकाळ बांधावरून फिरणारा. तो रात्रीं एकदां भुंकला तरी सालदार काठी घेऊन बाहेर येतो, कारण उगाच भुंकणें त्याच्या स्वभावांत राहिलेलें नाहीं. कोंडलेल्या अंगांतील जोर कोठून तरी बाहेर पडणारच. तो घशांतून पडतो किंवा दांतांतून. साखळीचा कुत्रा घरच्याच मुलास चावला, अशा गोष्टी आपण ऐकतों, त्यांत बहुतेक वेळां मुलाचा दोष नसतो व कुत्र्याचाहि फारसा नसतो.

बिबट्याचा विचार आतां आपल्या जिल्ह्यांत टाळतां येत नाहीं. ऊंसाच्या व मक्याच्या आडोशानें तो वस्तीपर्यंत येतो. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील अकोलें येथें संशोधकांनीं बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचें भक्ष्य तपासलें, तेव्हां खाल्लेल्या वजनापैकीं ८७ टक्के वांटा पाळीव जनावरांचा निघाला, व एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. शेळीपेक्षांहि कुत्रा अधिक ! खुंट्यास सहा फुटांवर बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्यास मांडून ठेवलेलें ताटच. तो ओरडूं शकतो, पळूं शकत नाहीं. ज्या भागांत बिबट्याचा वावर आहे, तेथें रात्रीं कुत्रा साखळीस उघड्यावर न ठेवतां पडवींत किंवा जाळीच्या खोलींत घ्यावा, व त्याची चाल चांगला उजेड असतांनाच उरकावी. तेथें पहांटेच्या अंधाराची चाल माणसासहि हितावह नाहीं.

मग रात्रीं साखळी सोडून द्यावी, म्हणजे कुत्रा आपला आपण व्यायाम घेईल, असें कोणी म्हणेल. या युक्तीस आमचा विरोध आहे. रात्रीं सुटलेला कुत्रा टोळींत मिसळतो, शेजाऱ्याच्या शेळ्या फाडतो, परक्या कुत्र्यांचे चावे घेऊन येतो. पिसाळण्याचा रोग अशाच चाव्यांतून घरांत शिरतो, आणि लक्षणें दिसूं लागल्यावर त्यास उपाय नाहीं. पिल्लूं तीन महिन्यांचें झालें कीं रोगप्रतिबंधक लस टोंचावी, व पुढें डॉक्टरच्या सल्ल्यानें दरवर्षीं टोंचीत जावी. कोणास चावा झालाच, तर जखम वाहत्या पाण्यानें व साबणानें पंधरा मिनिटें धुवून तत्काळ सरकारी दवाखान्यांत जावें. हळद-चुन्याचे लेप लावीत बसूं नये.

चालीबरोबर खाण्याचाहि मेळ असावा लागतो. लॅब्रॅडॉर आमच्या बागाईतदारांस फार आवडतो, व तो खातोहि फार. केंब्रिज येथील संशोधकांस २०१६ सालीं असें आढळलें कीं या जातींतील सुमारें चौथ्या हिश्श्याच्या कुत्र्यांत आनुवंशिक दोषामुळें भूक भागल्याची जाणीवच बोथट असते. अमेरिकेंत ४८ लॅब्रॅडॉरांवर चौदा वर्षें एक प्रयोग चालला, त्याचा निष्कर्ष २००२ सालीं प्रसिद्ध झाला : ज्यांस जोडीदारापेक्षां पाव हिस्सा खाणें कमी दिलें, ते जवळ जवळ दोन वर्षें अधिक जगले. तेव्हां पाहुण्यांसमोर कुत्र्यास पेढे चारणाऱ्यांनीं चार फेऱ्यांनीं तें फिटेल अशी आशा धरूं नये. फांसळ्यांवर हात फिरवावा. त्या डोळ्यांस न दिसतां बोटांस लागल्या पाहिजेत. बोटांस लागत नसतील तर भाकरी कमी करावी. दुरून मोजतां येत असतील तर वाढवावी.

पिल्लांस नेमाची लांब चाल देऊंच नये. हाडांचीं टोकें पक्कीं होण्यास जातीप्रमाणें बारा ते अठरा महिने लागतात. तोंवर मऊ मातींत खेळणें, दमलें कीं निजणें, एवढेंच पुरे. उंचावरून उड्या, जिन्याची चढउतार, लांब धांव हीं टाळावीं. म्हाताऱ्या कुत्र्याची चाल बंद करावी असें बहुतेकांस वाटतें, पण बंद केली कीं त्याचे सांधे अधिकच आंखडतात. चार फेऱ्या एकदम न देतां एक-एक फेरी तीन-चार वेळां द्यावी. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो लंगडला, तर आदल्या दिवशींचें माप अधिक झालें असें ओळखावें; फिरून आल्यावर दहा मिनिटांत धाप बसून तो शांत पडला, तर माप बरोबर. नखें वाढून वळलीं, खुंट्याभोंवतीं खड्डे पडले, साखळी चावून चकचकीत झाली, तर माप कमी.

ज्यांच्याकडे मनुष्यबळ अगदींच नाहीं, त्यांनीं निदान साखळीचा खुंटा तरी उपटावा. दोन झाडांमध्यें किंवा दोन खांबांमध्यें माणसाच्या डोक्याहून उंच अशी साठ फूट तार ताणावी, तींत एक कडी ओंवावी, व कडीस हलकी साखळी बांधावी. साखळी कुत्र्यास निजतां येईल इतकी लांब हवी. जमिनीवर तिचा सहा फुटांचा पल्ला धरल्यास, व पुढें सांगितल्याप्रमाणें कडी दोन्ही टोंकांस आठ-आठ फूट अलीकडे थांबविल्यास, या तारेनें त्यास सुमारें ६४१ चौरस फूट जागा मिळते, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून अधिक. पहिल्या हिशेबाच्या पांचपटीहून जास्त. तारेच्या दोन्ही टोंकांस गांठ मारून कडी खांबापासून आठ फूट अलीकडेच थांबेल असें करावें, नाहींतर साखळी खांबास गुंडाळून फांस बसतो. पल्ल्यांत सावली व पाण्याचें घमेलें असावें. चालीची ही बदली नव्हे. चालीच्या दोन वेळांमधील सोय आहे.

पावसाळ्यांत काळ्या जमिनीचे बांध निसरडे होतात व चिखल पंजांत जमून सुकतो. अशा दिवसांत पांदीच्या मुरमाड वाटेनें न्यावें, परत आल्यावर पंजे धुवून बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्या, आणि कानामागें, मानेखालीं व बेचक्यांत गोचीड पाहावी. सांपडल्यास चिमट्यानें कातडीलगत धरून सरळ वर ओढावी, व नंतर हात साबणानें धुवावे.